मण्यांतून संख्येकडे : मारिया माँटेसोरी यांचे जीवन आणि बालकांचे गणित

व्यक्तिनामाचे सामान्यनाम व्हावे, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. आणि ते भाग्यच आहे असेही नेहमी म्हणता येत नाही. भारतातील बहुतेक भाषांत ‘माँटेसरी’ हा शब्द आज लहान मुलांच्या शाळेसाठी रूढ झाला आहे. मूल माँटेसरीत जाते, असे आपण सहज म्हणतो. त्या शाळेत काय शिकवतात, कसे शिकवतात, याच्याशी त्या शब्दाचा संबंध उरलेला असतोच असे नाही. नाव घरोघरी पोहोचले आणि ज्या बाईंचे ते नाव, त्यांचा विचार मात्र मागे पडला. मारिया माँटेसोरी यांच्या चरित्राकडे पुन्हा वळण्याचे हे एक कारण होय. दुसरे कारण असे की, त्यांच्या कार्याची चर्चा होते ती बहुधा बालकाचे स्वातंत्र्य, इंद्रियशिक्षण आणि लेखनवाचन या अंगांनी. त्यांनी लहान मुलांच्या अंकगणिताचा जो मूलगामी विचार केला, त्याकडे विशेषतः साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वास्तविक हा विचार त्यांच्या आयुष्याच्या पहिल्या टप्प्यापासून अखेरपर्यंत त्यांच्या सोबत होता, आणि त्याचा भाषेशीही निकटचा संबंध आहे.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना प्रांतात किआराव्हाल्ले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत होते. आई रेनील्दे सुशिक्षित आणि मुलीच्या महत्त्वाकांक्षेच्या पाठीशी उभी राहणारी होती. १८७५ मध्ये हे कुटुंब रोमला आले. त्या काळी मुलीने शिकायचे ते फार तर शिक्षिका होण्यासाठी, असा समज होता. मारिया यांनी मात्र १८८३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला. गणित हा त्यांचा आवडता विषय होता आणि अभियंता होण्याचा त्यांचा मानस होता. पुढे त्यांचे मन वैद्यकाकडे वळले, तरी ही गणिताची ओढ संपली नाही. ती निराळ्या रूपाने वीस वर्षांनी प्रकट झाली.

१८९६ च्या जुलैमध्ये त्या रोम विद्यापीठाच्या वैद्यकीय पदवीधर झाल्या. इटलीतील पहिल्या स्त्री-डॉक्टर असा त्यांचा उल्लेख अनेकदा होतो. तो अचूक नाही. आरंभीच्या मोजक्या स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक होत्या, एवढेच म्हणता येईल. पदवीनंतर विद्यापीठाच्या मनोविकार-चिकित्सालयात काम करीत असताना रोमच्या वेड्यांच्या इस्पितळांत डांबून ठेवलेली मतिमंद मुले त्यांच्या दृष्टीस पडली. या मुलांचा प्रश्न औषधाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, शिक्षणाचा आहे, असे त्यांचे मत बनले. या शोधात त्यांना दोन फ्रेंच पूर्वसूरी सापडले : झाँ इतार आणि त्याचा शिष्य एदुआर सेगँ. मंदबुद्धी बालकांना हाताच्या व इंद्रियांच्या द्वारे शिकविण्याची सेगँ याची पद्धती जवळजवळ विस्मृतीत गेली होती. मारिया यांनी त्याचा ग्रंथ स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढला. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी शिक्षक तयार करणारी संस्था निघाली आणि तिच्या संचालनात त्यांचा वाटा होता. तेथील काही मुले सर्वसामान्य मुलांच्या परीक्षेला बसून उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले. परंतु मारिया यांच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहिला. दुर्बल बुद्धीची मुले जर निरोगी मुलांच्या बरोबरीला येऊ शकतात, तर निरोगी मुलांना शाळेत इतके कमी का येते? त्यांचे पुढील सारे आयुष्य या प्रश्नाच्या उत्तरात गेले.

याच काळात त्यांच्या खाजगी आयुष्यात एक घटना घडली व तिची सावली दीर्घकाळ राहिली. ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मारिओ हा मुलगा झाला. सहकारी डॉक्टर ज्युसेप्पे माँतेसानो हे त्याचे वडील. विवाह झाला नाही. त्या काळच्या समाजात अविवाहित मातेला सार्वजनिक जीवनात स्थान नव्हते. मूल खेड्यातील एका कुटुंबात वाढविण्यासाठी देण्यात आले. १९०१ मध्ये मारिया यांनी ती संस्था सोडली. आपल्या आईच्या निधनानंतर, १९१३ च्या सुमारास, त्यांनी मारिओला जवळ आणले. मात्र जगासमोर तो कधी भाचा, कधी मानलेला मुलगा म्हणून वावरला. जगातील मुलांच्या हक्कांविषयी बोलणाऱ्या या बाईंना स्वतःच्या मुलाला मुलगा म्हणता येत नव्हते. चरित्रकाराने या गोष्टीवर निवाडा देण्याचे कारण नाही. ती नोंदविल्यावाचून मात्र पुढे जाता येत नाही.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. एका गृहनिर्माण संस्थेने तेथील पडक्या चाळी दुरुस्त करून मजुरांच्या कुटुंबांना दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले भिंती खराब करीत, म्हणून त्यांना एका खोलीत गुंतवून ठेवावे, इतकाच मालकांचा हेतू होता. तीन ते सहा वर्षांची सुमारे पन्नास मुले, एक अप्रशिक्षित तरुणी आणि सेगँच्या धर्तीवर तयार केलेली काही साधने एवढ्या सामग्रीवर प्रयोग सुरू झाला. तो गरिबांच्या मुलांवर सुरू झाला, हे ध्यानात ठेवावयास हवे. कारण पुढे हाच मुद्दा कळीचा ठरणार आहे.

अंकगणिताचा आरंभ त्यांनी नाण्यांच्या मोडीपासून केला. बाजारहाटीसाठी पाठविल्या जाणाऱ्या गरीब मुलाला संख्येची पहिली ओळख पैशातून होते, हे त्यांनी ओळखले होते. परंतु त्यांचे मुख्य साधन होते ते दहा दांड्यांचे. सर्वांत लहान दांडी दहा सेंटिमीटर लांब, सर्वांत मोठी एक मीटर. प्रत्येकीवर दहा दहा सेंटिमीटरांचे लाल व निळे पट्टे. वरवर साध्या दिसणाऱ्या या साधनात एक सूक्ष्म विचार आहे. मूल पाच खडे मोजते तेव्हा त्याच्या हाती पाच वेगळ्या वस्तू असतात आणि पाच हा शब्द त्याला शेवटच्या खड्याचे नाव वाटण्याचा संभव असतो. दांडीत पाच ही एक अखंड वस्तू होते. तिच्यात पाच एकके दिसतात आणि तरीही ती एकच राहते. नवाच्या दांडीला एकाची, आठाच्या दांडीला दोनाची जोड दिली की दहाची लांबी भरते. बेरीज येथे डोळ्यांना दिसते आणि चूक झाली तर ती सांगायला शिक्षिका लागत नाही, दांडीच सांगते. यानंतर खरकागदाचे अंक बोटाने गिरवून आकाराची ओळख, आणि मग अंक व राशी यांची जोडणी.

शून्याचा पाठ तर भारतीय वाचकाला विशेष रुचावा. शून्यापासून नवापर्यंत अंक लिहिलेले दहा खण असलेल्या पेटीत मूल त्या त्या संख्येइतक्या चात्या ठेवते. शून्याच्या खणाशी येताच त्याचा हात थांबतो. तो खण रिकामाच राहावयाचा असतो. याला जोडून बाईंनी एक खेळ योजिला होता. मुलाला शून्य वेळा जवळ येण्यास सांगावयाचे. मूल आधी धावत येते, मग गोंधळते. आणि अखेर जागच्या जागी स्थिर राहणे हेच बरोबर उत्तर आहे, हे त्याला उमगते, तेव्हा सारा वर्ग हसू लागतो. ज्या कल्पनेसाठी मानवजातीला शतके लागली, ती चार-पाच वर्षांच्या मुलाला न हालण्यातून कळते.

१९०९ साली त्यांचा पद्धतिविषयक पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१२ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि कीर्ती जगभर पसरली. १९१३ च्या अखेरीस अमेरिकेत त्यांचे मोठे स्वागत झाले. १९१४ मध्ये तेथीलच विल्यम किलपॅट्रिक या शिक्षणशास्त्रज्ञाने त्यांच्या पद्धतीवर कठोर टीका केली आणि अमेरिकेतील उत्साह काही वर्षांतच ओसरला. साधने ठरावीक, त्यांचा उपयोग ठरावीक, मग मुलाच्या कल्पनेला वाव कोठे, असा त्या टीकेचा सारांश होता. या आक्षेपात तथ्यांश आहे. साधन कसे हाताळावे याविषयी बाई अत्यंत काटेकोर होत्या आणि आपल्या पद्धतीवरील अधिकार त्यांनी इतरांच्या हाती सहसा जाऊ दिला नाही. स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या पद्धतीचे सूत्र एका हाती एकवटलेले असावे, हा विरोध त्यांच्या जीवनात अखेरपर्यंत राहिला.

१९१६ मध्ये प्राथमिक शाळेतील शिक्षणाविषयी त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ आला. त्यात अंकगणित व भूमिती यांना मोठे स्थान आहे आणि मण्यांच्या साधनांचे विवेचन आहे. पुढे हे साधन सोनेरी मण्यांच्या दशमान संचाच्या रूपाने परिपूर्ण झाले. एक सुटा मणी म्हणजे एकक. दहा मणी तारेत ओवले की दशकाची काडी. दहा काड्या शेजारी बांधल्या की शतकाचा चौरस. दहा चौरस एकावर एक रचले की सहस्राचा घन. बिंदू, रेषा, पृष्ठ आणि घन अशी भूमितीची चढण आणि एकं, दहं, शतं, सहस्र ही गणनेची चढण येथे एकच होते. मुलाच्या एका तळहातावर एक मणी असतो, दुसऱ्यावर हजारांचा घन. दोहोंतील भेद त्याला वजनाने कळतो. बेरजेत दहा सुटे मणी जमले की ते देऊन दशकाची एक काडी घ्यावयाची. आपल्याकडे हातचा म्हणून जी गोष्ट पाटीवर वर लिहून ठेवतात आणि कित्येकांना जन्मभर कोडेच राहते, ती येथे प्रत्यक्ष देवघेव असते. आठ तुकड्यांच्या रंगीत ठोकळ्यांनी एक घन जुळविण्याचा खेळही बालवर्गात असे. मुलाच्या दृष्टीने तो जुळणीचा खेळ. पण दोन पदांच्या बेरजेच्या घनाचे बीजगणितातील सूत्र त्या आठ तुकड्यांत उभे असते. सूत्र पुढे कित्येक वर्षांनी भेटते, तेव्हा हाताला ते ओळखीचे असते.

येथे आपल्या जुन्या परंपरेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पंतोजीच्या शाळेत मूल धुळपाटीवर अंक गिरवी, आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून मुखोद्गत करी. या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु तिने बाजारात व वतनाच्या हिशोबात तोंडी गणित झटपट करणारी माणसे घडविली आणि अपूर्णांकांना बोलीभाषेत घर दिले, हे विसरता येत नाही. तिची उणीव दुसरीकडे होती. तिने कानाला आणि जिभेला शिकविले. डोळ्यांना आणि हाताला फारसे विचारले नाही. माँटेसोरीबाईंचा मार्ग नेमका उलट दिशेचा आहे. स्मरण त्यांनीही नाकारले नाही. त्यांच्या शाळेत बेरजेचे व गुणाकाराचे तक्ते आहेतच. मात्र हाताने अनुभवलेल्या गोष्टीचेच स्मरण करावयाचे, हा क्रम त्यांनी कधी बदलू दिला नाही.

१९२४ नंतर इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने त्यांच्या शाळांना आश्रय दिला आणि त्यांनी तो स्वीकारला. आपले कार्य राजकारणापलीकडचे आहे, अशी त्यांची समजूत होती. ती टिकणारी नव्हती. शाळा राज्यसत्तेच्या कवायतीचे अंग व्हाव्यात, हे त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. १९३४ मध्ये संबंध तुटले, इटलीतील शाळा बंद झाल्या. जर्मनीतील शाळांवर नाझींनी त्याआधीच घाला घातला होता. त्याच १९३४ साली बार्सेलोनात त्यांचा अंकगणिताच्या मानसशास्त्रावरील स्पॅनिश ग्रंथ निघाला. बालगणिताविषयीच्या त्यांच्या विचाराची ती सर्वांत विस्तृत मांडणी होय. दोनच वर्षांत स्पेनमध्ये यादवी पेटली आणि त्यांना बार्सेलोनाही सोडावे लागले. आपले गणिताचे ग्रंथ छापून होतात न होतात तोच ते गावच पायाखालून निसटावे, अशी ही अवस्था होती. अखेर हॉलंडमध्ये त्यांना आसरा मिळाला.

भारताशी त्यांचे नाते प्रत्यक्ष येण्यापूर्वीच जडले होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाईंनी गुजराती भाषेत या विचाराचे विपुल साहित्य निर्माण केले. त्यांना येऊन मिळाल्या त्या मुंबईच्या ताराबाई मोडक. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरीविचार भारतात रुजला तो इंग्रजीतून जितका, तितकाच गुजराती आणि मराठीतून. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी लंडनमध्ये माँटेसोरीबाईंच्या अध्यापन-महाविद्यालयास भेट दिली, तेव्हा हे शिक्षण श्रीमंतांबरोबर दरिद्री मुलांनाही मिळावे, अशी अपेक्षा त्यांनी बोलून दाखविली होती. गिजुभाई २३ जून १९३९ रोजी निवर्तले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच माँटेसोरीबाईंनी भारतभूमीवर पाऊल ठेवले.

थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून, जॉर्ज अरुंडेल यांच्या पुढाकाराने, नोव्हेंबर १९३९ मध्ये त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या. वय एकोणसत्तर. देशाच्या निरनिराळ्या भागांतून सुमारे तीनशे विद्यार्थी जमले. बाई इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ त्याचे इंग्रजीत रूपांतर करीत. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी ही मायलेकरे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरली. मारिओची रवानगी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, स्थानबद्धता छावणीत झाली. बाईंना अड्यारच्या आवारात राहण्याची मुभा मिळाली. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयच्या आदेशाने मारिओची मुक्तता झाली. त्या संदेशात मारिओचा उल्लेख त्यांचा पुत्र म्हणून होता. बेचाळीस वर्षे जे नाते उघड बोलता आले नव्हते, ते एका परक्या सरकारच्या तारेने उच्चारले गेले.

युद्धाची वर्षे त्यांनी प्रामुख्याने अड्यार व कोडाईकनाल येथे काढली. कोडाईकनालच्या डोंगरात सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा त्यांचा विचार मारिओच्या सहकार्याने पक्व झाला. १९४६ मध्ये त्या युरोपला परतल्या, पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. भारतातील वास्तव्यात त्यांच्या हाताखाली हजाराहून अधिक शिक्षक तयार झाले. बालमनाच्या ग्रहणशक्तीविषयीचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९४९ मध्ये अड्यारहूनच निघाला.

त्यांच्या गणितसाधनांपैकी एक भारतीय भाषांत आले की निराळाच प्रश्न निर्माण होतो, आणि भाषाभ्यासकांनी त्याची दखल घेतली पाहिजे. सेगँच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फळ्यांवर दहा हा अंक पुनःपुन्हा लिहिलेला असतो. त्यातील शून्यावर एक, दोन, तीन असे अंक सरकवले की अकरा, बारा, तेरा तयार होतात. पुढे वीस, तीस, चाळीस यांवरही तीच कृती. डोळ्यांना आधी दशक दिसते, मग एकक. इटालियन भाषेत विसाच्या पुढे उच्चारही याच क्रमाने होतो. तमिळ, कन्नड, तेलुगू यांतही एकविसाच्या शब्दात वीस आधी आणि एक नंतर. कन्नडमधील ‘इप्पत्तोंदु’ हे त्याचे उदाहरण. मराठीत मात्र आपण एकवीस, बावीस, तेवीस म्हणतो. एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. शिवाय एकोणीस, एकोणतीस हे शब्द पुढील दशकातून एक उणे करतात, तर नव्याण्णव एकदम ती चाल मोडते. हिंदी, गुजराती, बंगाली यांचीही कथा थोड्याफार फरकाने हीच. शब्दांचा हा वारसा संस्कृत व प्राकृतातून आलेला आणि भाषादृष्ट्या मोलाचा आहे. परंतु सहा वर्षांच्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागते. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यानामे रूढ नावांच्या सोबत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद उसळला. भाषा मोडली जात आहे असे एका पक्षाला वाटले, तर मुलाची अडचण कमी होत आहे असे दुसऱ्याला. या वादात मण्यांच्या काड्यांची आठवण फारशी कोणाला झाली नाही. वास्तविक दोन काड्या आणि एक मणी हाती असलेले मूल त्यांना एकवीस म्हणो की वीस एक, त्याला राशी कळलेली असते. शब्दाचा भार वस्तू पेलते.

मात्र ती वस्तू कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न उरतोच. सान लोरेंझोच्या चाळीत जन्मलेली पद्धती भारतात बव्हंशी शहरी, फी भरू शकणाऱ्या कुटुंबांची झाली. अचूक मापाची साधने महाग होती आणि त्यांच्या अचूकपणाबाबत बाई तडजोड करीत नसत. गांधीजींनी व्यक्त केलेली अपेक्षा येथे अडखळली. ती पुढे नेण्याचे काम ताराबाईंनी केले. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार तेथे आकाराला आला. मोजण्यासाठी खडे, शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. यात माँटेसोरीबाईंच्या काटेकोर मापांचा काही अंश गमावला, हे खरे. बीला दशकाच्या काडीची शिस्त नसते. परंतु पद्धतीचा मूळ हेतू परत मिळाला. गुरूच्या शब्दापासून दूर जाऊन गुरूच्या पहिल्या कृतीजवळ येणे, असे याचे वर्णन करता येईल.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नूर्दवेक येथे माँटेसोरीबाईंचे निधन झाले. ज्या देशाने त्यांच्या शाळा बंद केल्या होत्या, त्या इटलीने १९९० मध्ये हजार लिरांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. २००२ मध्ये लिराच चलनातून गेली. नाण्यांच्या मोडीपासून मुलांचे गणित सुरू करणाऱ्या बाईंचा हा गौरव सूचक असला, तरी त्यांचे खरे स्मारक तो नव्हे. कोणत्याही भाषेतील, कोणत्याही वस्तीतील मूल जेव्हा दहा सुट्या वस्तू देऊन एक दशक मागून घेते आणि आपण काय केले हे त्याला स्वतःला कळते, तेव्हा त्यांचे कार्य पुढे गेलेले असते. अशी मुले आपल्या प्राथमिक शाळांत किती आहेत, यावर त्यांच्या भारतातील वर्षांचे फलित जोखावे लागेल.